जुन्या लेथचा कारभार

यंत्र जुने झाले की ते मोडीत काढावे, हा जो समज शहरांतील कारखानदारांत, आणि त्यांच्याहीपेक्षा त्यांच्या हिशेबनिसांत, दृढमूल होऊन बसला आहे, तो बीडहून निघून मांजरसुंब्याचा घाट चढतानाच धापा टाकू लागतो, आणि तेथून केजच्या रस्त्याला वळून नेकनूरच्या वेशीशी येईतो तर त्याच्यात काही त्राण उरत नाही. वारकऱ्यांना हे गाव बंकटस्वामींच्या मठामुळे ठाऊक आहे, शेतकऱ्यांना जनावरांच्या बाजारामुळे; आणि ज्याच्या कडबाकुट्टीचा शाफ्ट ऐन वैरणीच्या दिवसांत दगा देऊन बसला आहे, त्याला ते तेथील एका लेथमुळे ठाऊक आहे. या लेथच्या दुकानाचा नेमका पत्ता मी देणार नाही. एक तर तशी मालकाची सक्त ताकीद आहे, कारण हाती असलेल्या कामांचाच त्यांना पुरेसा वैताग आहे. आणि दुसरे असे की, पत्ता देऊनही फारसा उपयोग व्हायचा नाही, कारण दुकानावर पाटी नाही. पूर्वी होती, परंतु तिच्या पत्र्याच्या पट्ट्या कापून मालकांनी त्या यंत्रात जागोजागी सरकवल्या असल्यामुळे दुकानाचे नाव आता दुकानाच्या आतच, पण तुकड्यातुकड्यांनी, वास करून आहे.

मालकांना सारा गाव ‘उस्ताद’ म्हणतो. हे नाव नव्हे, हुद्दा आहे. आणि तो सरकारने दिलेला नसून गिऱ्हाइकांनी दिलेला असल्यामुळे त्याला बदलीचे अथवा निवृत्तीचे भय नाही. उस्तादांचा लेथ साडेसहा फुटी बेडाचा, जड अंगाचा आणि हिरव्या रंगाच्या इतक्या थरांखाली दडलेला आहे की, तो विलायती की देशी, याचा निवाडा आता केवळ उत्खननानेच होऊ शकेल. तो मूळचा मुंबईच्या एका कापडगिरणीतील दुरुस्तीखात्याचा, असे उस्ताद सांगतात. १९८२ च्या संपानंतर एकेका गिरणीची चिमणी थंडावत गेली, त्यांच्या वर्कशॉपांतली यंत्रे भंगारवाल्यांच्या तराजूवर चढली, आणि त्या लाटेत हाही किलोच्या भावाने विकला जाऊन, दोन-चार मध्यस्थांच्या हातून उतरत उतरत, घाट चढून वर आला. यंत्र वजनावर घेण्यात एक फायदा आहे, तो अर्थशास्त्राच्या ग्रंथांत नमूद केलेला दिसत नाही: जे लोखंड झिजून गेले, त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

बाजाराच्या दिवशी या दुकानाला विशेष शोभा येते. बैलाचा जबडा उघडून तो दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे एका नजरेत ताडणारी आणि रुमालाखाली बोटे दाबून हजारांचे सौदे तोंडातून अवाक्षर न काढता पुरे करणारी माणसे बाजार उरकून येथे टेकतात, तेव्हा सवयीप्रमाणे ती यंत्राचेही दात पाहतात. लीड स्क्रूला कवेत घेणाऱ्या अर्ध्या नटांच्या जोडीचे आटे त्यांना उस्ताद स्वतःच काढून दाखवतात. ते पाहून ‘हे जनावर आता कामाचं नाही’ असे एखादा अनुभवी दलाल बोलून जातो. उस्ताद मान डोलावतात. आणि मग त्याच दलालाच्या ट्रॉलीची पिन त्याच यंत्रावर कातून त्याच्या हातात ठेवतात. ती बसते. ती का बसते, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम झिजेची जमाबंदी पाहू. लेथवर दिवसभरात जी कामे होतात, त्यांतील बहुतेक आखूड असतात. ती चकात धरायची आणि चकाजवळच कातायची. त्यामुळे टूल वाहून नेणारे सॅडल जन्मभर त्याच हात-दीड हाताच्या टापूत येरझारा घालीत राहते, आणि टेलस्टॉककडच्या बेडाला त्याचे दर्शन सणासुदीलाच घडते. परिणामी चकाजवळ तो बिडाचा बेड खंगतो. त्यातही पुढची धार, जिच्यावर ॲप्रनचे वजन आणि टूलवरचा दाब दोन्ही येऊन पडतात, ती मागच्या धारेपेक्षा अधिक खचते. म्हणून सॅडल त्या टापूत शिरले की किंचित पुढे कलते, टूल कोणाच्या नकळत जॉबपासून मागे सरते, आणि दोन्ही टोकांना सारखा व्हावयाचा शाफ्ट चकाकडच्या अंगाला जाड उतरतो. पुढची धार अर्ध्या दशांश मिलिमीटरने खचली असेल, तर टूलही जवळजवळ तितकेच मागे हटते, आणि ते एका बाजूने हटल्यामुळे व्यासात पडणारा फरक त्याच्या दुप्पट होतो. एवढ्या फरकाने बेअरिंग एक तर जागेवर जात नाही, किंवा गेले तर परत यायचे नाव घेत नाही.

आता यावर शहरातील उपाय ठरलेला आहे: यंत्र बदलावे. नेकनूरचा उपाय असा की, यंत्राला त्याच्या अपराधांची कबुलीजबानी द्यायला लावावी. उस्ताद एक जाड गज चकात धरतात, त्याचे दुसरे टोक मोकळेच ठेवतात, वीतभर अंतरावर दोन कडी राखून मधला भाग कातून उतरवतात, आणि मग टूलच्या हँडलला बोटही न लावता दोन्ही कड्यांवरून एकच अतिशय हलका कट घेतात. मायक्रोमीटरने दोन्ही कडी मोजली म्हणजे त्या वीतभर प्रदेशात यंत्र किती खोटे बोलते, ते शतांश मिलिमीटरपर्यंत कळते. असे ठिकठिकाणी करून जो पंचनामा तयार झाला, तो चकामागच्या भिंतीवर लाल रंगाने लिहिलेला आहे: ‘चार बोटे – आठ. एक वीत – पाच. दीड वीत – दोन. पुढे रामराज्य.’ बोटे आणि वीत ही उस्तादांची स्वतःची, आठ-पाच-दोन हे शतांश मिलिमीटर. आणि या दोन परस्परविरोधी मानपद्धती एकाच ओळीत नांदताना पाहून मला तरी कधी संकोच वाटलेला नाही, कारण उस्तादांना स्वतःच्या बोटांच्या रुंदीइतके कायमचे दुसरे माप मिळण्यासारखे नव्हते. दुकानातील व्यवहारात त्या भिंतीला मूळ दस्तऐवजाचा मान आहे. दिवाळीला उरलेल्या तीन भिंतींना चुना लागतो; चौथीला लागत नाही.

या भिंतीपुढे उभे राहिले की एक गोष्ट ध्यानात येते, आणि ती मला यंत्रशास्त्रापलीकडेही पुष्कळ उपयोगी पडली आहे. यंत्राचा दोष कितीही मोठा असो, तो जर रोज तोच, तेवढाच आणि त्याच जागी असेल, तर त्याने काम बिघडत नाही; ज्याला तो ठाऊक नाही, त्याच्या हातूनच ते बिघडते. झीज ही मुळात फार इमानी गोष्ट आहे: ती एका रात्रीत येत नाही, एका रात्रीत जात नाही, आणि काल पाच शतांश होती म्हणून आज पन्नास होत नाही. नव्या यंत्रावर आपण विश्वास ठेवतो तो त्याच्याबरोबर आलेल्या दाखल्यावर भिस्त ठेवून. जुन्यावर ठेवतो तो त्याच्या कागदपत्रांची कसून चौकशी केल्यानंतर. आणि या दोहोंपैकी कोणता विश्वास अधिक टिकाऊ, हे ज्याने कधी दाखले गोळा केले आहेत त्याला सांगण्याची गरज नाही.

चौकशीचा दुसरा विषय म्हणजे क्रॉस स्लाइडचा स्क्रू. टूल आत-बाहेर करणारे ते हँडल उलटे फिरवू लागले की पहिला पाव फेरा ते नुसतेच फिरते. डायलवरचे आकडे मोठ्या लगबगीने सरकतात, आणि टूल जागचे हलत नाही. स्क्रू आणि नट यांच्या मधल्या या मोकळिकीला दुकानात ‘प्ले’ म्हणतात. निजामी अंमलात एखाद्या कचेरीत असा पेशकार असे, असे जुने लोक सांगतात, की अर्जदार एकदा त्याला ओलांडून पुढे साहेबाकडे गेला आणि मग काही राहिले म्हणून मागे वळून पेशकाराकडे आला, तर कागद इकडचा तिकडे होत नसे. अर्जदाराने पार कचेरीच्या दारापर्यंत माघारी जाऊन, जणू पहिल्यांदाच येत आहोत अशा चेहऱ्याने, रीतसर समोरून यावे, तेव्हाच पेशकाराचा हात दप्तराकडे वळे. उस्तादांच्या स्क्रूचा शिरस्ता अगदी हाच आहे. माप चुकून पुढे गेले तर हँडल चिमूटभर मागे घेऊन भागत नाही. पुरता एक फेरा मागे जायचे, सगळी मोकळीक ओलांडायची, आणि मग पुन्हा पुढे येत येत हव्या त्या रेघेवर थांबायचे. आटे पाडतानाही हेच पथ्य: एकदा अर्धे नट मिटले की आटा पुरा होईतो ते उघडायचे नाहीत, टूल बाहेर ओढून मोटरच उलटी फिरवून सॅडल मागे आणायचे, म्हणजे नटांना दुसऱ्या दातात शिरण्याची दुर्बुद्धी होत नाही.

एवढ्यावरही समाधान न होऊन उस्तादांनी त्या स्क्रूवर एक कायमचा पहारा बसवला आहे. सॅडलच्या पुढच्या अंगाला एक कप्पी ठोकून, स्लाइडला बांधलेली दोरी तिच्यावरून खाली सोडली आहे, आणि त्या दोरीला एक बिडाची पासरी टांगली आहे. कापताना जॉब टूलला ज्या दिशेने रेटतो, त्याच दिशेने ती पासरी स्लाइडला अहोरात्र ओढून धरते. त्यामुळे सारी मोकळीक एकाच बाजूला गोळा होते आणि टूलला मनाला येईल तेव्हा डुलकी घेण्याची सोय राहत नाही. यात उणेपणा एकच, की सॅडल सरकेल तशी ती पासरीही सरकते आणि उभ्या माणसाच्या गुडघ्याला नेमाने भेट देते. एकदा वजनमापे खात्याचे एक निरीक्षक फिरतीवर असताना दुकानात डोकावले. दशमान वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, १९६२ मध्ये शेर-पासरीला व्यवहारातून कायद्याने रजा मिळाली, आणि येथे भरदिवसा एक पासरी कामावर रुजू असलेली पाहून त्यांनी वहीला हात घातला. ‘हे वजन बाद झालेलं आहे, ठाऊक आहे ना?’ असे त्यांनी विचारले. ‘साहेब, ते तोलतंय कुठं? ते तर नुसतं ओढतंय,’ उस्ताद म्हणाले. निरीक्षकांनी क्षणभर विचार केला, वही खिशात ठेवली, आणि मोटारसायकलच्या डिकीतून एक झिजलेला गनमेटलचा बुश काढून विचारले, ‘मग हा कधी मिळेल?’

टेलस्टॉकची तक्रार निराळी. तोही बूड झिजवून बसला आहे, त्यामुळे त्याचे टोक चकाच्या मध्यापेक्षा खाली येते. त्याला वर उचलण्यासाठी त्याचे धड आणि तळवा यांच्या मध्ये काहीतरी सारावे लागते, आणि ते काहीतरी किती जाडीचे असावे, यावर सर्व मदार. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी सुमारे एक दशांश मिलिमीटर असते. शाळेच्या वहीचे पान त्याहून पातळ, लग्नपत्रिका त्याच्या दुप्पट-अडीचपट. आणि दुकानाच्या पाटीचा पत्रा हा शेवटचा उपाय. उस्तादांच्या फळीवरील एका डब्यात हे सगळे वाङ्मय जाडीच्या क्रमाने लावलेले आहे. सध्या टेलस्टॉकखाली एका सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्याची चौपदरी घडी आहे. मुळातच त्या जमिनीवर सोसायटीचा बोजा होता. त्यात हा आणखी एक.

आता प्रत्यक्ष काम कसे होते ते पाहावे. कडबाकुट्टीचा एक शाफ्ट आला होता. दोन्ही टोकांना बासष्टशेपाच नंबरचे बेअरिंग, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचे भोक. आणि बेअरिंगच्या आतल्या कड्याने शाफ्टवरच फिरायला सुरुवात केल्यामुळे ती जागा खाल्लेली. मालक वेल्डिंगने ती भरूनच घेऊन आला होता आणि दाराशी उभा राहून ‘उस्ताद, जनावरं उपाशी हायेत’ हे एकच वाक्य निरनिराळ्या स्वरांत म्हणत होता. उस्तादांनी चकात लोखंडाचा एक तुकडा धरला आणि त्याचे साठ अंशांचे टोक तेथल्या तेथे कातले. चकाचे जबडे वाकडे असोत की तिरळे, जे टोक जागच्या जागी कातले गेले ते स्पिंडलच्या मध्याशी प्रामाणिक राहणारच, आणि जोवर तो तुकडा काढला जात नाही तोवरच त्याचा प्रामाणिकपणा टिकतो, म्हणून प्रत्येक वेळी नवे. मग शाफ्ट दोन टोकांमध्ये धरला, आणि जी जागा नेमकी हवी ती टेलस्टॉकच्या अंगाला घेतली. हा सगळ्या कारभारातला मर्माचा भाग. शाफ्टची टेलस्टॉककडची बाजू म्हणजे भिंतीवरचे रामराज्य. तेथला बेड गिरणीतून आला तेव्हा जसा होता तसाच आजही आहे. एक टोक तेथे कातायचे, मग शाफ्ट उलटवून दुसरे टोकही तेथेच आणायचे. मधला भाग, जेथे चाकाखेरीज काही बसत नाही, तो खुशाल झिजलेल्या टापूत राहो. यंत्राचा अर्धा-अधिक बेड निकामी असला तरी वीतभर चांगला भाग शिल्लक असतो, आणि बहुतेक शाफ्टांना नेमकेपणा लागतो तोही वीतभरच.

शेवटचे पाच शतांश उरले तेव्हा उस्तादांनी टूल काढून तेलाच्या दगडावर घासले, चाल कमी केली, एक कट घेतला, आणि डायलला हात न लावता तोच कट पुन्हा एकदा रिकामा फिरवला. पहिल्या खेपेला यंत्र जेवढे दबून मागे हटले होते तेवढे दुसऱ्या खेपेला निघून येते. मग मायक्रोमीटरकडे हात न नेता त्यांनी चहा मागवला. मला वाटले ही विश्रांती असावी; पण हे मापनाचेच अंग होते. लोखंड तापले की फुगते. पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट चाळीस अंशांनी तापला असेल तर व्यासात शतांशाहून थोडा जास्तच वाढतो, आणि सारा झगडा एका शतांशाचा असल्यामुळे गरम शाफ्टावर घेतलेले माप हे खोट्या साक्षीदाराच्या जबानीइतकेच ग्राह्य. वातानुकूलित कारखान्यांत यासाठी खोल्या राखलेल्या असतात. एप्रिलमध्ये बालाघाटावर अशी खोली मिळणे दुरापास्त असल्यामुळे अर्धा कप चहा पिण्यास लागणारा वेळ हे त्या खोलीचे काम बजावतो. शाफ्ट निवल्यावर मोजला, राहिलेला एक-दीड शतांश बारीक कानसीने आणि तेल लावलेल्या, आधीच वापरून गुळगुळीत झालेल्या पॉलिश पेपरने उतरवला, आणि बेअरिंगच्या आतल्या कड्यावर नळीचा तुकडा ठेवून हातोडीचे चार हलके ठोके दिले. पहिल्या ठोक्याला बेअरिंग नाखूश दिसले, चौथ्याला ते खांद्याला टेकले. ‘बसलं का?’ शेतकऱ्याने विचारले. उस्तादांनी उत्तरादाखल ते बोटाने फिरवून दाखवले.

यात काही अद्भुत आहे असे उस्ताद मानीत नाहीत, आणि इतिहासही त्यांच्याच बाजूचा आहे. पहिले नेमके यंत्र कोणत्या नेमक्या यंत्रावर घडवले, असा प्रश्न विचारला तर यंत्रविद्येच्या वंशावळीत मोठीच पंचाईत होते, कारण असे यंत्र तेव्हा नव्हतेच. जेम्स वॅटचे वाफेचे इंजिन १७६९ च्या पेटंटनंतर कित्येक वर्षे नुसत्या सिलिंडरच्या वेडेवाकडेपणापायी रखडले होते. १७७५ च्या सुमारास जॉन विल्किन्सनने तोफा पोखरण्याच्या आपल्या यंत्राचा अनुभव कामी लावून ते सिलिंडर पोखरून दिले, आणि पन्नास इंच व्यासात जुन्या शिलिंगाच्या जाडीइतकीही चूक नाही, म्हणून वॅटचा भागीदार बोल्टन धन्य झाला. ती जाडी मिलिमीटरभराच्या आसपासची. उस्तादांकडून शाफ्टमध्ये तेवढी चूक झाली तर गिऱ्हाईक त्यांना हुद्द्यावरून कमी करील. पुढे हेन्री मॉडस्लेने आटे पाडण्याचा नेमका लेथ सिद्ध केला आणि दुकानातील सर्व मापांचे तंटे मिटवण्यासाठी बाकावर एक मायक्रोमीटर ठेवला. त्याचे नाव ‘लॉर्ड चॅन्सेलर’, कारण त्याच्या निकालावर अपील नव्हते. मॉडस्लेच्या हाताखाली वाढलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये विद्वानांच्या सभेपुढे सपाट पृष्ठे कशी करावीत हे सांगितले: बिडाच्या तीन पाट्या घ्याव्यात, रंग लावून त्या आळीपाळीने एकमेकींवर टेकवाव्यात, जेथे रंग उठतो तेथे हाताने खरवडावे. दोन पाट्या संगनमत करून एक फुगीर आणि दुसरी खोलगट राहू शकतात. तिघींना ते साधत नाही. म्हणजे जगातील सर्व सरळपणाचे मूळ एका खरवडणीत आणि एका माणसाच्या मनगटात आहे.

आपल्याकडेही लोखंडाची कुळकथा फारशी वेगळी नाही. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोडच्या माळावर कारखाना मांडला. १९४१ मध्ये हरिहरला किर्लोस्करांचाच लेथचा कारखाना उभा राहिला. निजामाच्या राज्यात १९४३ मध्ये सिकंदराबादेस प्रागा टूल्स निघाली. आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात म्हादबा मेस्त्रींचे नाव आजही आदराने घेतले जाते, ते कोणत्या पदवीमुळे नव्हे. या सर्वांच्या हाताखालून गेलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी आता महाराष्ट्रभर बाजारगावांतील पत्र्याच्या शेडांत उतारवय घालवीत आहेत, आणि मृगाच्या आधी पेरणीयंत्रांची आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या ट्रॉल्यांची जी गर्दी उसळते, ती त्यांच्यावरच निभावते. बीड जिल्ह्यातील तोडणीवाल्यांच्या टोळ्या घाटाखाली आणि कर्नाटकात वेळेवर पोचतात, यात मुकादमाच्या उचलीइतकाच ट्रॉलीच्या जोडपिनीचाही वाटा असतो.

मात्र जुन्या यंत्राचा कैवार घेताना मला वकिली करायची नाही. त्याच मापाचे पाचशे नग एकसारखे काढायचे असतील तर झिजलेला लेथ हा वेळ आणि वीज यांचा अपव्यय आहे. त्याच्या पट्ट्यावर जाळी नसते, चकाला आडोसा नसतो, आणि उघड्या पट्ट्याजवळ उपरणे घेऊन उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकाला उस्ताद ज्या भाषेत दूर करतात ती येथे छापता येणार नाही, इतकी योग्य आहे. आणखी एक गोष्ट: झीज आणि हयगय यांत उस्ताद कडक भेद करतात. बेड खचला, तो आपल्या हातात नाही. पण स्लाइडची पट्टी सैल असणे, तेलाच्या भोकात माती असणे, स्पिंडलचा बुश खडखडणे, हे दोष रोज निराळे वागतात, आणि ज्या दोषाला वेळेचे व जागेचे बंधन नाही त्याची नोंद कोणत्याही भिंतीवर करता येत नाही. असले दोष ते दुरुस्त केल्यावाचून राहत नाहीत. सकाळी दुकान उघडल्यावर ते यंत्र बराच वेळ नुसतेच फिरवत ठेवतात, स्पिंडलचे बुश अंगात ऊब आणून आपल्या नेहमीच्या स्वभावावर येईपर्यंत नेमके काम हाती घेत नाहीत. भारनियमनाने मध्येच वीज गेली की हा सारा विधी पुन्हा पहिल्यापासून. त्या प्रसंगी उस्तादांच्या तोंडून वीज खात्याचा जो उद्धार होतो, तोही रोज तोच, तेवढाच आणि त्याच जागी असतो.

गेल्या दिवाळीत उस्तादांचा भाचा चाकणहून आला. तो तेथे संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या यंत्रांवर काम करतो, डिप्लोमा झालेला आहे, आणि मामांवर त्याचे मनापासून प्रेम असल्यामुळे त्याने येताना फराळाच्या डब्याऐवजी चुंबकी बैठकीचा एक डायल गेज आणला. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सबंध दुपार त्याने बेडावर तो गेज फिरवला, आकडे मोबाइलमध्ये टिपले, आलेख काढला, आणि न्यायाधीशाने फाशीची शिक्षा वाचून दाखवावी अशा खेदयुक्त स्वरात मामांना तो वाचून दाखवला. मामा भिंतीकडे पाहत होते आणि प्रत्येक आकड्याला ‘बरोबर’ म्हणत होते. फक्त चार बोटांच्या जागी भाच्याने नऊ सांगितले. उस्तादांनी गेज स्वतः लावून पाहिला, नऊच निघाले; तेव्हा त्यांनी रंगाचा डबा मागवला, भिंतीवरचा आठ खोडला, आणि नऊ लिहिला.

‘मामा, हा बेड आपण संभाजीनगरला नेऊन ग्राइंड करून आणू,’ भाचा म्हणाला. ‘खर्च मी करतो. नव्यासारखा सरळ होईल.’

‘सरळ हुईल रे,’ उस्ताद म्हणाले, ‘पण मग मला समदं पुन्यांदा शिकाया लागंल. ह्या वयात?’

भाच्याला हसू आले. आणि हसता हसता त्याने जे सांगितले, ते त्याच्या मते अगदी किरकोळ होते. त्यांच्या नव्या यंत्रांचेही स्क्रू काही देवाने घडवलेले नसतात. त्यांनाही बारीक प्ले असतो, त्यांच्या आट्यांच्या अंतरातही ठिकठिकाणी सूक्ष्म चूक असते. यंत्र बसवताना तज्ज्ञ लोक लेझरचे उपकरण लावून त्या चुका जागोजाग मोजतात आणि त्यांचा तक्ता यंत्राच्या स्मरणात भरून ठेवतात. मग यंत्र त्या त्या जागी आले की तक्ता पाहून तेवढे आपोआप सावरून घेते. काही वर्षांनी झीज वाढली की पुन्हा मोजायचे आणि तक्ता बदलायचा.

हे ऐकताना उस्तादांच्या हातातला ब्रश तसाच राहिला होता आणि लाल रंगाचा ओघळ मनगटावर आला होता.

‘म्हंजे,’ ते म्हणाले, ‘तुमच्याकडंबी भिंत हाय की! मग साहेबाला सांग, दिवाळीला तिला चुना लावू देऊ नको म्हनावं.’